घरात फोडणी पडायला हवी

आमच्या मावशी हॉटेलात जेवायला कधी गेल्या नाहीत. त्या हॉटेलात बघायला जायच्या. ‘चल गो, बघून येऊया काय घालतात ते,’ असं म्हणून पायात चपला सरकवायच्या आणि मी ऑफिसचे कपडेही न बदलता त्यांच्यामागून जिना उतरायचे. कधी दादर, कधी गिरगाव, आणि फारच कंटाळा आला तर करी रोडच्या पुलाजवळची चायनीजची गाडी.

मावशी माझ्या नात्यातल्या कोणी नव्हत्या. मी नोकरीसाठी मुंबईत आले तेव्हा लालबागच्या त्यांच्या चाळीतल्या खोलीचा पोटमाळा मला राहायला मिळाला. खाली त्या आणि काका, वर मी. खाली जे शिजेल त्याचा वास आधी माझ्या केसांना लागायचा आणि मग मी तो ऑफिसात घेऊन जायचे. बाजूच्या टेबलावरची बाई मला बघून आज सुरमई की बांगडा हे ओळखायची. सुरुवातीला मला याची लाज वाटायची. नंतर दुपारी माझ्या डब्याभोवती गर्दी व्हायला लागली आणि लाज आपोआप गेली.

हॉटेलात मावशी एकच प्लेट मागवायच्या. पदार्थ आला की आधी त्यावर वाकून वास घ्यायच्या, मग एक घास जिभेवर ठेवून डोळे मिटायच्या आणि एकेक वस्तूचं नाव घ्यायला लागायच्या. ‘बडीशेप. काजू नाय, मगजबी लावलीय लबाडांनी. कांदा तळून वाटलाय.’ वेटर बिचारा पाण्याचा जग हातात धरून उभा. मग पर्समधून एक छोटी स्टीलची डबी निघायची, तिच्यात चमचाभर रस्सा जायचा, आणि उरलेली प्लेट मी संपवायची. घरी गेल्यावर ती डबी ओट्यावर ठेवून त्या पदार्थ करायला घ्यायच्या, आणि जमेपर्यंत सोडायच्या नाहीत. ‘जिभेला कळलं ते हाताला कळणारच. हात जरा मंद असतो, एवढंच,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मोबाईलवर त्या पाककृतींचे व्हिडिओ लावायच्या ते शिकण्यासाठी नव्हे, भांडण्यासाठी. ‘अगो, तेल तापलंय खंय अजून? टाकलास लसूण? टाक, जाळ घराला!’ व्हिडिओतली बाई हसतच राहायची आणि मावशी आणखी चिडायच्या.

हा नाद त्यांना काकांनी लावला. काका गोदीत होते. परदेशी बोटींवर माल चढवता-उतरवताना तिथले खलाशी त्यांना काहीबाही खायला द्यायचे. घरी काही आणायची सोय नव्हती, म्हणून काका चव तोंडी घेऊन यायचे. ‘आज एक चीज खाल्लं. बुरशी आलेलं. वास मोज्यासारखा, पण मागाहून साय लागते,’ असं सांगायचे, आणि या बाई ते ऐकून ती चव घरात तयार करायला बसायच्या. त्या चीजसाठी त्यांनी घरचं पनीर ओल्या फडक्यात गुंडाळून माठामागे ठेवलं होतं म्हणे. गॅलरीतल्या लोकांनी उंदीर मेला म्हणून सगळ्यांची कपाटं हलवली. शेवटी मावशींनी ते फेकलं, पण चाखून बघितल्यावरच.

काका बोलायला कंजूष. मावशींनी कितीही आटापिटा केला तरी त्यांचा शेरा एका वाक्यात असायचा. सिझलरच्या दिवशी मी तिथे होते. मावशींनी बिडाचा तवा लालबुंद तापवला, त्यावर कोबीची पानं, नूडल्स, भाज्या, कोलंबी रचली आणि पाटावर तो तवा घेऊन त्या गॅलरीत आल्या. तिथे काका घडीच्या टेबलाशी गळ्यात नॅपकिन अडकवून बसले होते. मावशींनी वरून लोणी आणि व्हिनेगर ओतलं. असा धूर झाला की गॅलरीचं दुसरं टोक दिसेना. कोणीतरी शॉर्टसर्किट झालं म्हणून ओरडलं, कोणीतरी अख्ख्या मजल्याचा मेन स्विच बंद केला, दोघं जण बादल्या घेऊन धावले. धूर निवळला तेव्हा काका डोळ्यांतलं पाणी पुसत शांतपणे कोलंबी खात होते. ‘आवाज चांगला आला,’ म्हणाले. मावशी आठवडाभर हे वाक्य सगळ्यांना ऐकवत होत्या.

मला बढती मिळाली तेव्हा मी दोघांना वरळीच्या एका टॉवरमधल्या महागड्या हॉटेलात नेलं. तिथे माशावर पांढरा फेस घालून आणला होता. मावशींनी वेटरकडे रोखून बघितलं. ‘ह्याच्यावर कोण थुंकलं?’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांनी मात्र तो फेस बोटाने चाटला आणि म्हणाले, ‘लिंबू आहे.’ डबी लगेच बाहेर आली. तो फेस घरी पोचेपर्यंत डबीत नुसतं पाणी उरलं होतं, आणि ते पाणीसुद्धा मावशींनी काकांना परत चाखायला लावलं.

त्यानंतर थोड्याच महिन्यांनी सकाळी चहा पिताना काकांच्या हातातून कप पडला.

मेंदूत रक्ताची गाठ होती. जीव वाचला. उजवी बाजू गेली, वाचा गेली आणि गिळण्याची ताकद गेली. इस्पितळातून घरी आणलं तेव्हा नाकातून एक नळी पोटापर्यंत घातलेली होती आणि एकच सूचना पुन्हापुन्हा दिलेली होती: तोंडाने काही द्यायचं नाही. पाण्याचा थेंबसुद्धा नाही. जे द्यायचं ते गाळून, नळीतून. काही आठवड्यांनी गिळण्याची तपासणी होईल, मग बघू.

काका-मावशींची मुलगी वैशाली वडाळ्याला राहायची. ती ऑफिसातून सुटली की रोज यायची. नळीतून अन्न कसं द्यायचं, डोकं किती उंच ठेवायचं, नळी पाण्याने कशी साफ करायची, हे सगळं तिने इस्पितळातल्या सिस्टरकडून शिकून घेतलं होतं. ती कामाला पक्की होती. डाळीचं पाणी, पावडरचं दूध, मोसंबीचा रस, सगळं घड्याळ लावून.

खोली एवढीशी. काकांची खाट आणि ओटा यांच्यामध्ये एक माणूस जेमतेम उभा राहील. मावशींनी कांदा चिरला तरी काकांच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते कांद्याचं की कशाचं हे कळायला मार्ग नव्हता. वैशालीने आल्या आल्या सांगितलं, ‘आई, तुम्हा दोघींसाठी मी डबा लावते. इथे काही करू नकोस. बाबांना वास येतो आणि खाता येत नाही. छळ आहे तो.’

मावशींनी साफ नकार दिला. मला आधी वाटलं, हा त्यांचा नेहमीचा हट्ट. मग त्या म्हणाल्या, ‘घरात चूल कधी पेटत नाय? मयत झाल्यावर. शेजारी पिठलं-भात आणून देतात तेव्हा. फोडणीचा वास नाय आला तर ह्यांना काय वाटेल? आपण गेलो, असंच वाटेल.’

आमच्याकडे हे सगळ्यांना ठाऊक असतं. मृत्यू झालेल्या घरात त्या दिवशी काही शिजत नाही, आणि लहानपणी शाळेतून येताना एखाद्या घरासमोर शेजारणी झाकलेली पातेली घेऊन जाताना दिसल्या की काय झालंय ते विचारावं लागत नाही. पण जिवंत माणसाला जिवंत असल्याचं पटावं म्हणून कोणी फोडणी घालतं, हे मी त्याच घरात पाहिलं.

मग मावशी पूर्वी कधी केला नसेल एवढा स्वयंपाक करायला लागल्या. खाणारी माणसं आम्ही दोघी. दुपारी शेजारीण काकांजवळ बसायची तेव्हा त्या एकट्याच बाहेर जाऊन यायच्या, आणि संध्याकाळी मी घरी पोचले की त्या खाटेशी बसून काकांना सांगत असायच्या. ‘दादरला त्या कोपऱ्यावरच्याकडे आज खिमा घेतला. दालचिनी जास्त झालेली. पण पाव गरम होता, अवो, बोटाला चटका बसला.’ काका एकटक बघत राहायचे. पूर्वी बोटीवरची चव ते घेऊन यायचे आणि या ऐकायच्या, आता उलटं झालं होतं. मला ते बघवायचं नाही. मी हातपाय धुऊन पोटमाळ्यावर जायचे.

कधी काका ऐकता ऐकता भिंतीकडे तोंड फिरवायचे. मावशी म्हणायच्या, ‘भूक लागलीय त्यांना.’ वैशाली म्हणायची, ‘कंटाळलेत ते, आई. बंद कर.’ दोघी आपापल्या परीने त्यांच्या वतीने बोलायच्या आणि ज्याचं बोलणं तो गप्प. मला दोघींचाही राग यायचा. खरं तर तो राग काकांच्या आजाराचा होता, पण आजारावर कोण रागावणार.

मावशींच्या मनात एकच होतं. काकांनी तोंडाने खायला हवं. मासे, मटण नाही, साधी पेज तरी. नळीतून जातं ते अन्न असं त्या मानतच नव्हत्या. ‘पोटाला कळतंय, पण माणसाला नाय कळत,’ असं म्हणायच्या. त्यातून कोकणातल्या माणसाला तुम्ही झोपेतून उठवून विचारा, आजाऱ्याला काय द्यायचं, तो पेजच म्हणेल. तापाला पेज, बाळंतिणीला पेज, म्हाताऱ्याला पेज. पातळ ते आपोआप उतरतं, हे आम्हाला कोणी शिकवलेलं नसतं, ते आम्ही पेजेबरोबरच प्यायलेलो असतो. मावशींना तर पदार्थ किती दाट, किती सैल हे बोटांनी कळायचं. आजाऱ्याच्या घशाची त्यांना कसली भीती असणार!

गिळण्याची तपासणी जवळ आली होती. एका संध्याकाळी मी घरी आले तर मावशी दारातच उभ्या. चेहरा असा फुललेला की मला आधी काही कळेना. आनंद झाला की त्या सरळ मालवणीत शिरायच्या. ‘गिळल्यानी गो! सोलकढी दिलंय चमच्यान. ठसको नाय, खोकलो नाय, काय नाय. परवापासून देतंय. कोणाक सांगूक नाय, म्हटलं आधी नीट जमू दे.’ आणि माझ्या हातावर शिऱ्याचा मोठा गोळा ठेवला. शेजारपाजारी आधीच वाटून झाला होता. मी तो खाल्ला. मलाही आनंद झाला. खाटेवर काका डोळे मिटून पडले होते, ओठ किंचित गुलाबी दिसत होते.

वैशाली आली आणि तिला कळलं. तिने वाटी उचलली आणि मोरीत आपटली. ‘सांगितलेलं ना तुला! एक थेंबसुद्धा नाही म्हणून सांगितलेलं ना!’ मावशी म्हणाल्या, ‘अगो पण गेली ना नीट.’ वैशालीने काकांच्या कपाळाला हात लावला. कपाळ तापलेलं होतं.

त्याच संध्याकाळी त्यांना पुन्हा इस्पितळात नेलं. श्वास घेताना छातीतून घरघर येत होती. मी बरोबर होते. आत घेतल्यावर थोड्या वेळाने एक तरुण डॉक्टर बाहेर आली आणि तिने विचारलं, ‘तोंडाने काही दिलं होतं का?’

वैशाली खाली बघत होती. मावशी पुढे झाल्या. ‘मी दिली. सोलकढी.’

‘त्यात काय काय होतं?’

आयुष्यात हा प्रश्न मावशींना कोणी विचारला आणि त्यांनी उत्तर अर्धवट दिलं, असं कधी झालं नव्हतं. त्या सांगायला लागल्या. ‘नारळ ओला. खवून वाटून पहिलं दूध काढलं, ते दाट असतं, ते बाजूला ठेवलं. दुसऱ्या दुधाची केली. आमसुलं कोमट पाण्यात भिजवली. लसणीची एकच पाकळी, ठेचून, नुसत्या वासापुरती. मग फडक्यातून गाळली, परत गाळली, म्हटलं घशाला काय लागूक नको. अगदी पातळ, पाण्यासारखी...’ इथे त्यांचा आवाज खाली आला. डॉक्टरच्या चेहऱ्याकडे बघून आला असावा.

डॉक्टर बोलली ती चांगलं बोलली, रागाने नाही. ‘मावशी, अशा पेशंटला पातळच सगळ्यांत वाईट. ते अन्ननलिकेत न जाता श्वासनलिकेत उतरतं. घशाला जाणीव नसली की ठसकासुद्धा लागत नाही. बाहेरून वाटतं गिळलं.’

मावशी उभ्याच होत्या. म्हणाल्या, ‘मिरची नव्हती घातली.’

काका आठवडाभरही टिकले नाहीत. छातीत न्यूमोनिया पसरला आणि गेले. डॉक्टर वैशालीला म्हणाली की अशा पेशंटना नळी असूनही हे होतं, कधी स्वतःच्या लाळेनेही होतं, नक्की कशाने झालं ते सांगता येत नाही. मी ते मावशींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पटवून मात्र घेतलं नाही.

स्मशानातून सगळे आले तेव्हा शेजारच्या घरातून पिठलं-भात आला. ओटा पुसून कोरडा होता. सगळ्यांना वाढलं, मावशींनाही वाढलं. त्यांनी मान खाली घालून खाल्लं. दुसऱ्याच्या हातच्या पदार्थाला नाव न ठेवता त्या जेवल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं.

तेरावं झालं. त्यानंतर घरात पुन्हा मासे-मटण शिजतं, नातेवाईक जेवायला येतात, दुखवटा संपतो. आमच्याकडे त्याला तिखट करणं म्हणतात. मावशींनी एकटीने सगळं केलं, कोणाला हात लावू दिला नाही. कोंबडी, वडे, तळलेली कोलंबी. पंगत बसली. वैशालीने सगळ्यांना वाढलं, आग्रह करकरून वाढलं, आणि स्वतः पाणी पिऊन निघून गेली. मावशी ओट्याशी पाठ करून उभ्या होत्या, पण त्यांनी पाहिलं होतं. पुढेही ती येत राहिली. औषधं आणायची, लाईटबिल भरायची, आईच्या डोक्याला तेल लावून द्यायची. पण त्या घरात तिने घास घेतला नाही. चहासुद्धा नाही.

मावशींनी स्वयंपाक सोडला तो तेव्हापासून. डबा लावला. गॅस फक्त दुधापुरता. मी लग्न करून दादरला आले तरी मधूनमधून जायचे. गेल्या वेळी गेले तेव्हा त्या डब्यातली कसलीशी भाजी खात होत्या. ‘कशी आहे?’ मी सवयीने विचारलं. ‘कळत नाय गो,’ म्हणाल्या. मग घास हातात तसाच ठेवून म्हणाल्या, ‘तुका एक सांगू? मी जबरदस्तीन नव्हती दिली. पहिल्या दिवशी वाटी घेऊन मी माझ्यासाठीच बसलेली. ह्यांनी बघितल्यानी, आणि तोंड उघडल्यानी. आपणहून. लहान पोर उघडता तसा. आता सांग, काय करूक व्हया होता मी?’

‘द्यायला नको होतं’ म्हणणं खरं होतं आणि ते म्हणण्याची माझी छाती झाली नाही. मी त्यांचा हात धरून बसले.

तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. काही दिवसांनी दादरला भाजी घेताना वैशाली भेटली. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं. माझा स्वभावच तो, पोटात काही राहत नाही. ‘आईला आणखी किती दिवस शिक्षा करणार आहेस? काकांनी स्वतः तोंड उघडलं होतं, माहितीये तुला? आपणहून?’

ती मेथीची जुडी हातात घेऊन उभी राहिली. जुडीचा दोरा सोडला, पुन्हा बांधला. भाजीवाली म्हणाली, ‘ताई, घेणार तर घ्या.’ वैशालीने जुडी परत ठेवली.

‘माहितीये,’ ती म्हणाली. ‘माझ्यापुढे पण उघडायचे. रोज. मी आले की माझ्याकडे बघायचे आणि तोंड उघडायचे. मी कापूस ओला करून ओठ पुसायचे आणि नळीतून द्यायचे. डॉक्टरने सांगितलेलं तसं. बरोबरच केलं मी.’

माणसं आम्हाला धक्के देत पुढे जात होती. मी तिला बाजूला घेतलं.

‘मग आईच्या हातचं का खात नाहीस?’

‘तिने वाढलं की ते तोंड दिसतं मला,’ वैशाली म्हणाली. ‘उघडलेलं. तिने निदान चार चमचे दिले गं. मी काहीच दिलं नाही.’ मग तिने माझं मनगट घट्ट धरलं. ‘आईला यातलं काही सांगू नकोस. ते इतके दिवस मागत होते हे तिला कळलं तर ती जगायची नाही. तिला वाटू दे, मी रागावलेय म्हणून.’

मी अजून सांगितलेलं नाही.